पाणी सलग उतरेपर्यंत

४ जून

तीर्थरूप बाबा व आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. बाबा, तुम्ही फोनवर 'हं' यापलीकडे जात नाही आणि आई मी जेवले का एवढं विचारून फोन ठेवून देते, म्हणून हे पत्र. पत्राला नुसतं 'हं' म्हणता येत नाही, चार ओळी लिहाव्याच लागतात.

तुमचा राग मला ठाऊक आहे. घरातली पहिली पदवीधर मुलगी टेबलखुर्चीची नोकरी सोडून काचेवर फोटो काढायला निघाली. तुम्ही म्हणालात ते वाक्य मी प्रवासभर डोक्यात घोळवत होते, की घरात एकजण प्रयोगशाळेत काचा धुतेच आहे, दुसरीने त्यासाठी पदवी कशाला घ्यायची. आईने ते समोर बसून ऐकलं, याचं मला जास्त वाईट वाटलं.

पण इथलं काम ऐका. फिल्म निघायच्या आधी जगभर असेच फोटो काढत. एक स्वच्छ काच घ्यायची. तिच्यावर कोलोडियन नावाचं मधासारखं दाट औषध ओतायचं आणि काच अशी कलती करायची की ते चारी कोपऱ्यांना जाऊन उरलेलं परत बाटलीत पडेल. इथे सगळे त्याला पाकच म्हणतात. मग लाल दिव्याच्या खोलीत ती काच चांदीच्या क्षाराच्या पाण्यात तीन मिनिटं बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, माणसाला आठ-दहा सेकंद पुतळ्यासारखं बसवायचं आणि धावत परत येऊन फोटो उठवायचा. काच सुकली की सगळं संपलं. चहा घ्यायला थांबता येत नाही.

शिकवणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या आहेत, बोलणं कमी. पाक बनवणारे काका त्यांच्याकडे तीस वर्षं आहेत. मला तीन महिन्यांची बोली आहे. ऑगस्टअखेर बाई ठरवणार, ठेवायचं की परत पाठवायचं.

आई, तू दिलेली बारा फडकी बाईंना फार आवडली. चारी बाजूंनी काठ दुमडून किती सरळ शिवलेस! माझी नजर तिकडे गेली की घर आठवतं.

राग असला तर थोडा ठेवा, लोभ मात्र होता तेवढा राहू द्या.

तुमची,
ठकू

---

१३ जून

चि. पदवीधरबाईंस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. अक्षर चांगले आहे, तेवढा तरी शिक्षणाचा उपयोग झाला. तुझ्या आईला हाताचे अक्षर लावायला वेळ लागतो, म्हणून मी वाचून दाखवले. पुढचे सगळे तिचे बोलणे आहे, मी फक्त हमाल.

ती विचारते की चांदीच्या पाण्याने हात काळे होतात हे खरे का. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या एका मुलीची बोटे तशी झाली होती आणि महिनाभर ती लोकांपासून हात लपवत होती. हातमोजे घाल. डोळ्यांना ते पाणी लागू देऊ नकोस. ओल्या हाताने दिव्याचे बटण दाबू नकोस. दुपारचे जेवण उभ्याने उरकू नकोस. मी म्हटले एवढे सगळे लिहिले तर कागद पुरायचा नाही, तर म्हणाली दुसरा घ्या.

तुझ्या खोलीत उशी आहे का, हेही विचारले आहे. घरमालकीण कशी आहे, नळाला पाणी केव्हा येते, आजूबाजूला माणसे कोण, हे कळव.

माझे म्हणणे बदललेले नाही. ते फक्त लिहीत नाही. शिलाई मशीन दुरुस्तीचे काम बरे चालले आहे. आज एका शिंप्याचे जुने मशीन आले, त्याच्या पायाच्या पेडलमागे उंदराचे घर निघाले.

प्रकृतीला जप आणि आम्हाला विसरू नकोस, हे आईचे. खाली सही माझी.

बाबा

---

६ जुलै

तीर्थरूप बाबा व आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

उशी आहे. घरमालकीण चांगली आहे, पण माझी काळी बोटं बघून तिने मला तिच्या पांढऱ्या टेबलक्लॉथपासून लांब बसायला सांगितलं.

हे पत्र आनंदाचं नाही. माझे फोटो काचेवर टिकत नाहीत. सगळं नीट होतं, चेहरा उठतो, बाई मान हलवतात, आणि शेवटी काच पाण्याखाली धुताना कडेने पापुद्रा सुटायला लागतो. दुधावरची साय बोटाने ओढावी तसा. परवा शेजारचे घड्याळजी बसले होते. गुडघे दुखत असताना नऊ सेकंद त्यांनी पापणी हलवली नाही. त्यांचा चेहरा इतका सुंदर आला होता की मी श्वास रोखून काच नळाखाली धरली. आधी कान सुटला, मग गाल, मग अख्खे घड्याळजी मोरीतून वाहून गेले. त्यांना काय सांगावं कळेना. तेच म्हणाले की निदान गेले ते हसत गेले.

दहापैकी सात काचांचं असं होतं. बाईंनी मला विचारलं की काच स्वच्छ असते ना. मी शपथेवर सांगितलं की असते. खडूची पूड आणि स्पिरिट लावून मी एकेक काच वीस मिनिटं घासते, बाबा, खोटं नाही. मग बाई म्हणाल्या की दोष पाकाचा असणार. काकांनी पंधरा दिवस मुरवलेली मोठी बाटली त्यांनी काकांदेखत ओतून टाकायला लावली, आणि यापुढे पाक मी स्वतः बनवेन म्हणाल्या. काकांनी रिकामी बाटली उचलून फळीवर ठेवली. आता ते दिवसभर लाकडी खोकी दुरुस्त करतात. बाई नसल्या की त्या रिकाम्या बाटलीचा वास घेऊन बघतात.

नव्या पाकाने कालपासून चार काचा केल्या. तीन सुटल्या. बाईंनी बनवलेला पाक आहे, त्यामुळे आता कुणी कुणाला काही बोलत नाही. ऑगस्ट लांब नाही. मला झोप लागत नाही, पण हे आईला वाचून दाखवू नका.

तुमची माया आटू देऊ नका.

तुमची,
ठकू

---

१२ जुलै

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

झोपेचे वाचायचे नाही हे वाक्याच्या शेवटी लिहिलेस. तोवर मी वाचून बसलो होतो. पुढच्या वेळी आधी लिही.

तुझी आई आज फार बोलते आहे आणि मला हळू लिहू देत नाही. ती म्हणते की घासल्याने काच स्वच्छ होत नाही, दिसते. तिच्याकडे रोज चारशे नळ्या आणि दोन-अडीचशे काचपट्ट्या येतात. डोळ्याला सगळ्या चकचकीत. पण तेलाचा हात लागला असेल तर रक्ताचा थेंब पट्टीवर पसरत नाही, गोळा होतो, आणि तपासणी चुकते. बावीस वर्षांत तिची एकही पट्टी परत आली नाही, हे तिने मला दोनदा लिहायला सांगितले. एकदाच लिहितो.

तिची पद्धत अशी. काच धुऊन झाली की फडक्याने पुसायच्या आधी उभी धरायची आणि वरून साधे पाणी सोडायचे. पाणी सलग चादरीसारखे उतरले तर काच स्वच्छ. कुठे पाणी फाटले, थेंब झाले, बेट राहिले, तर तिथे तेल आहे. मग पुन्हा धुवायची. पाणी सलग उतरेपर्यंत धुवायची, घड्याळ बघून नाही. दुसरे म्हणजे, धुतल्यावर एक आणि फडक्याने पुसल्यावर एक, असे दोन वेळा बघायचे. धुतल्यावर चांगली आणि पुसल्यावर वाईट निघाली, तर पाप काचेचे नाही.

मी तिला म्हटले की हे तू मला कधी सांगितले नाहीस. ती म्हणाली, तुम्ही कधी विचारले.

खरे आहे. मी विचारले नव्हते.

जेवत जा.

बाबा

---

१८ जुलै

तीर्थरूप आई व बाबा यांस,
शि. सा. न. वि. वि.

आईने सांगितलं तसं काल सगळे गेल्यावर एकटीने करून पाहिलं. सहा काचा धुतल्या. सहाही काचांवरून पाणी असं उतरलं की काचेवर पाणी आहे हेच दिसेना. मग नेहमीसारख्या फडक्याने पुसल्या आणि पुन्हा पाण्याखाली धरल्या. मधला भाग स्वच्छ. चारी कडांना मात्र पाणी फाटलं, बोटभर रुंदीच्या पट्टीत थेंबच थेंब. आणि माझा पापुद्रा नेहमी कडेनेच सुटतो.

मी कडा शेवटी पुसते. काचेच्या धारेने फडकं फाटू नये म्हणून त्याचा शिवलेला काठ चिमटीत धरून चारी बाजूंनी फिरवते. म्हणजे तेल काठात आहे. आई, तू ती फडकी कशाने धुतलीस? साबण बदलला का? तुला दोष देत नाही, मला फक्त कळत नाही.

दुसरं एक कळलं आहे आणि ते फार जड आहे. काकांचा पाक चांगला होता. मी शपथेवर सांगितलं म्हणून तो मोरीत गेला. हे मी बाईंना सांगितलं पाहिजे. सांगितलं तर त्या मला ठेवतील असं वाटत नाही. ज्या मुलीला काच पुसता येत नाही आणि जिच्यामुळे इथल्या जुन्या माणसाचा अपमान झाला, तिला मी तरी ठेवलं नसतं. आधी तुमचं उत्तर येऊ दे, म्हणजे सांगताना अर्धवट सांगायला नको.

लोभ असू द्या, या आठवड्यात जरा जास्तच.

तुमची,
ठकू

---

२३ जुलै

चि. ठकूस,
आशीर्वाद.

हे पत्र मी एकट्याने लिहीत आहे. तुझी आई कामावर आहे.

फडकी तिने कापली होती, शिवली मी. तू जायच्या आदल्या दिवशी तुम्ही दोघी शेजारी निरोप घ्यायला गेलात. पिशवी उघडी होती. मला दिसले की फडक्यांच्या कडा नुसत्या कापलेल्या आहेत, दोरे सुटतील आणि काचेवर चिकटतील. तुझ्याशी मी चार दिवस धड बोललो नव्हतो. आता बोलायचे म्हटले तर सुरुवात कुठून करावी समजत नव्हते. म्हणून म्हटले एवढे करावे. टेबलावर एका गिऱ्हाइकाचे मशीन होते, सकाळीच तेल घातलेले. त्याच्यावर बाराही फडकी शिवली, घडी घातली आणि होती तशी ठेवून दिली.

तेल घातल्यावर आधी चिंधीवर दहा-वीस टाके मारायचे, मग चांगल्या कपड्याला हात लावायचा. हे मी तीस वर्षे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आलो. त्या दिवशी तुमचे पाऊल दारात वाजायच्या आत संपवायचे होते. घाईत चिंधी राहिली. तुझी बारा फडकीच माझी चिंधी झाली.

तुझ्या पहिल्या पत्रात शिवणीचे कौतुक होते, ते वाक्य मी आईला वाचून दाखवले नाही. दाखवले असते तर ती म्हणाली असती की मी शिवलेच नाही, आणि तेव्हाच सगळे बाहेर पडले असते. इतके दिवस तुझे हाल झाले ते माझ्या आडमुठेपणाने. मुलीसाठी काही करायचे आणि ते तिला कळू द्यायचे नाही, यात मला काय मोठेपणा वाटत होता कोण जाणे.

बाईंना माझे नाव सांग. मी त्यांना ओळखत नाही, त्या मला ओळखत नाहीत, माझे काही जात नाही. तुझी जागा राहिली पाहिजे. संध्याकाळी आई आली की तिला सगळे सांगतो.

बाबा

---

३० जुलै

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र जिन्यात उभी राहून वाचलं आणि तिथेच बसले. घरमालकिणीला वाटलं कुणी गेलं. मी म्हटलं, नाही, कुणीतरी आलं.

बाबा, मला फडक्यांचा राग नाही. तुम्ही त्या चार दिवसांत माझ्या पिशवीत डोकावलात आणि कडा सुटतील म्हणून काळजी केलीत, हे मला आता कळलं. दोन महिने मी समजत होते की तुम्ही पाठ फिरवून बसला होतात.

काल बाईंना सांगितलं. काकांना समोर बोलावून घेतलं, कारण बाटली त्यांच्यासमोर ओतली होती. म्हटलं की पाक चांगला होता, काच माझी तेलकट होती, आणि न तपासता मी शपथ घेतली. तुमचं नाव घेतलं नव्हतं. पण बाईंनी विचारलं की तेल आलं कुठून, तेव्हा खोटं बोलवेना. मशीन, चिंधी, घाई, सगळं सांगितलं. काका खाली बघत होते. मला वाटलं रडतात की काय, तर हसू दाबत होते.

बाईंनी सहा काचांची परीक्षा स्वतः करून बघितली. मग काकांकडे वळून म्हणाल्या की माझी चूक झाली, पाकाच्या कपाटाची किल्ली परत घ्या. तीस वर्षांत बाईंनी चूक झाली म्हटल्याचं काकांना आठवत नाही. त्यांनी किल्ली घेतली आणि तीनदा खिसा चाचपला.

माझ्याबद्दल निर्णय असा. झालेले दोन महिने धरायचे नाहीत. एक ऑगस्टपासून पुन्हा तीन महिने, पैकी पहिला महिना पाक ओतायचा नाही, फक्त काचा धुवायच्या. मी सामान बांधायच्या तयारीने गेले होते. मला ही शिक्षा वाटलीच नाही.

आणि बाईंनी विचारलं आहे की आई दोन दिवस इथे येऊन त्यांना आणि काकांना काच धुणं दाखवेल का. जाण्यायेण्याचा बंदोबस्त त्या करतील. त्या म्हणाल्या की मी चाळीस वर्षं काच डोळ्याने तपासत आले.

दोघांनी तब्येतीला जपावं आणि आईने नाही म्हणू नये.

तुमची,
ठकू

---

९ ऑगस्ट

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझी आई आधी नाहीच म्हणाली. मी भांडी धुणारी बाई, मी त्यांना काय शिकवू, लोक हसतील. एक दिवस असाच गेला. दुसऱ्या दिवशी पहिले वाक्य असे निघाले की त्यांच्याकडे नळाला जोर किती आहे ते विचारा. मी ओळखले की ही जाणार.

रजेचा अर्ज मी लिहून दिला. कारणाच्या रकान्यात 'प्रशिक्षण देणे' असे घातले. कारकुनाने अर्ज परत पाठवला, की 'देणे' चुकून पडले आहे, 'घेणे' करून आणा. आईने त्याला सांगितले की शब्द बरोबर आहे. त्याने साहेबांना विचारले. साहेब बाहेर येऊन आईकडे बघून गेले आणि सही झाली. बावीस वर्षांत साहेब तिच्यासाठी पहिल्यांदा खोलीबाहेर आले, असे ती सांगते. मला आतापर्यंत चार वेळा सांगून झाले. मी दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखे ऐकतो.

मी तुला जे म्हणालो होतो, काचा धुणे आणि पदवी, ते तिच्यासमोर म्हणालो होतो. तिची माफी मागितली. ती म्हणाली की त्या दिवशी तुम्ही दोघेही भुकेले होतात. आणि उठून ताटे घेतली.

नवी फडकी तिने स्वतः उकळून वाळवली आहेत. मला त्यांच्या जवळ फिरकू दिलेले नाही.

बाबा

---

२५ ऑगस्ट

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आईला काल गाडीत बसवून दिलं. हे पत्र पोचेल तेव्हा तिचं सांगून संपलेलं असेल, तरी माझ्या बाजूने लिहिते, कारण ती स्वतःबद्दल अर्धंच सांगेल.

पहिल्या दिवशी ती दारातच घुटमळली. बाईंना नमस्कार केला, आणि नळ कुठे आहे विचारलं. एकदा नळापाशी उभी राहिल्यावर मात्र ती आपल्या घरातली आई राहिली नाही. बाह्या दुमडल्या, बोटांनी पाण्याचा जोर बघितला, आणि काकांना सांगितलं की इथून पुढे काच फक्त कडेने धरायची, तळवा लावायचा नाही. काकांनी तळवे मागे घेतले. मग तिने एक काच धुऊन दाखवली. पाणी उतरलं. बाई आणि काका पुढे वाकले. मी तीन वर्षं महाविद्यालयात व्याख्यानं ऐकली, पण वर्ग असा शांत कधी बसला नव्हता.

मग बाईंनी धुतली. आईने ती काच हातात घेतली, पाणी सोडलं, उजेडाकडे वळवली. उजव्या कोपऱ्यात नखाएवढं बेट होतं. मला वाटलं ती सोडून देईल. पाहुणी म्हणून आलेली, समोर साठी ओलांडलेली, चाळीस वर्षांचा हात असलेली बाई. आई म्हणाली, "पुन्हा धुवा." बाईंनी पुन्हा धुतली. आईने पुन्हा परत केली. तिसऱ्यांदा पास केली. बाईंच्या चेहऱ्यावर तेव्हा काय होतं ते मी कधी विसरणार नाही, शाळेत शाबासकी मिळालेली मुलगी. माझी काच तिने पाच वेळा परत केली. लेक म्हणून सूट नाहीच, उलट तीन जास्त.

बाबा, पदवी मिळाली तेव्हा घरातली पहिली शिकलेली म्हणून माझं केवढं कौतुक झालं. मीही ते खरं धरून चालले होते. बावीस वर्षं एकही पट्टी परत न आलेलं माणूस आपल्या घरात रोज संध्याकाळी पाय चोळत बसत होतं आणि मी पुस्तकातून विज्ञान पाठ करत होते. तुमचंही तसंच. तुमच्या हातची शिवण बाईंनी भिंगाखाली धरून बघितली आणि म्हणाल्या की टाका असा एकसारखा पडणं हे सोपं काम नाही. तेलाचं सोडून द्या म्हणाल्या.

आता खरी गोष्ट. काल गाडीची वाट बघताना आईने मला सहज सांगितलं की बाईंनी तिला आदल्या संध्याकाळी बाजूला घेऊन विचारलं होतं. मुलीने स्वतःहून खरं सांगितलं, हात बसतो आहे, तर तीन महिने पुरे व्हायची वाट न बघता आजच कायम ठेवते, तुमची हरकत नाही ना. आणि आईने हरकत घेतली! म्हणाली की तुम्ही तीन महिने सांगितलेत ते पुरे होऊ द्या, एकदा पास केलेली काच दुसऱ्यांदा बघितल्याशिवाय मी फळीवर ठेवत नाही.

हे ती केळं सोलता सोलता सांगत होती. तेवढ्यात गाडी आली. गाडी गेल्यावर परत येईपर्यंत मी रस्ताभर तिच्यावर चिडले होते. माझी जागा हातात आली होती आणि माझ्या आईने ती परत केली. कार्यशाळेत आले तर काकांनी मुरत घातलेल्या नव्या बाटलीवर तारीख लिहिली होती, आणि नळापाशी उद्याच्या वीस काचा ठेवल्या होत्या. मी बाह्या दुमडल्या.

सतरावी काच झाली तेव्हा लक्षात आलं की राग केव्हाच उतरला आहे. बाईंनी दया म्हणून ठेवलं असतं तर मी आयुष्यभर स्वतःला विचारत राहिले असते. आता विचारावं लागणार नाही. आई मला चांगलीच ओळखते.

बाबा, एक नोव्हेंबरला सकाळी मी बाईंसमोर काच धरेन. त्या दिवशी तुम्ही यायचं. मशीन बंद ठेवा, गिऱ्हाइकांना आधी सांगून ठेवा. मला ठेवलं तर पहिला फोटो तुमचा, आठ सेकंद गप्प बसायचं, ते तुम्हाला जड जाणार नाही. नाही ठेवलं तर माझं सामान उचलायला माणूस लागेलच. दोन्हींपैकी काहीही झालं तरी मला तुम्ही तिथे उभे असलेले हवे आहात.

आईला सांगा, त्या वीसपैकी अठरा पहिल्याच पाण्याला उतरल्या. दोन परत धुतल्या.

तुम्हा दोघांचे आभार पत्रात मावायचे नाहीत, म्हणून मानत नाही. लोभ आहेच, तो मागायची आता गरज वाटत नाही.

तुमची,
ठकू